पाठमोरे दोघं

मोठ्या सभागृहात उत्तमातला उत्तम ग्रँड पियानो हाताशी असला, तरी ज्यॉर्ज आणि मार्ता कुर्ताग हे जोडपं अपराइट पियानोच मागायचं. घरात भिंतीला लावून ठेवलेला असतो तसला. ग्रँड पियानोवर बसलं की वादकाची एक बाजू लोकांना दिसते, हात दिसतात, चेहऱ्यावरचे भाव दिसतात. कुर्ताग नवरा-बायको मात्र प्रेक्षकांकडे सरळ पाठ करून बसायचे. एकाच पियानोवर दोघं, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. बराचसा वेळ एक पेडल दाबलेलं असायचं. ते दाबलं की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची पट्टी सरकते. शेजाऱ्यांची झोपमोड न होता सराव करता यावा म्हणून केलेली ही सोय. तिच्यामुळे पियानोचा कणखरपणा जातो आणि आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा मऊ होतो. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून बनवलेली गोष्ट हे दोघं भरल्या सभागृहात वापरत.

त्यांच्या अशा एका मैफिलीची चित्रफीत मी पाहिली, तेव्हा कुर्ताग हे नाव मला नुसतं ऐकून माहीत होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मोठे हंगेरियन संगीतकार, फार थोडं आणि फार छोटं लिहिणारे, एवढंच. चित्रफितीत ते दोघं बाख वाजवत होते. बाखने विशी ओलांडली-न-ओलांडली तेव्हा, १७०७च्या सुमारास, एक कँटाटा, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायची अनेक भागांची रचना, लिहिला, बहुधा कुणाच्या तरी अंत्यविधीसाठी. त्याच्या सुरुवातीला एक छोटी सोनाटिना आहे. मूळ रचनेत दोन रेकॉर्डर, म्हणजे उभ्या बासऱ्या, आणि खाली गजाने वाजवायची तंतुवाद्यं. कुर्ताग यांनी ती एका पियानोवर चार हातांसाठी बसवली. खालच्या सप्तकात तोच तो ठोका न थकता चालत राहतो. वर दोन बासऱ्यांचे सूर कधी अगदी एक होतात, कधी एकमेकांपासून जरासे सुटतात, पुन्हा जवळ येतात. अडीच-तीन मिनिटांत संपतं सगळं. मी ते लागोपाठ कितीदा तरी पाहिलं आणि मग बरीच वर्षं या माणसाचा माग काढत राहिलो.

आज त्यांच्याविषयी लिहायचं, तर मला एकच गोष्ट सांगायची आहे. कुर्ताग यांचं संगीत कुणाला तरी उद्देशून असतं. अमक्याला, तमकीला, नावानिशी. त्यांच्या रचनांची शीर्षकंच बघा. अमुकला आदरांजली, तमुकच्या स्मरणार्थ, अमुकला निरोप, तमुकला वाढदिवसाचा संदेश. कुणाही संगीतकाराची सूची चाळली की सिंफनी क्रमांक इतका, सोनाटा क्रमांक तितका असं सापडतं. कुर्ताग यांची सूची चाळताना एखाद्याच्या टपालाच्या फायलीवर नजर टाकल्यासारखं वाटतं. हा त्यांच्या शैलीचा एखादा विशेष म्हणून सोडून देता येत नाही. समोर ऐकणारं एक माणूस असल्याशिवाय त्यांना लिहिताच येत नव्हतं, आणि त्यांच्या सगळ्या आयुष्याची घडण त्यातून झाली आहे.

जन्म १९ फेब्रुवारी १९२६चा, रुमानियातल्या बानात प्रांतात, लुगोज या गावी. घर हंगेरियन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबाचं. आई पियानो वाजवायची आणि मुलगा तिच्या शेजारी बसून चार हातांचं वादन शिकला. त्या काळी घरोघरी सिंफनी अशाच ऐकल्या जात. वाद्यवृंद गावात येणार कुठून, मग दोघांनी एका पियानोवर बसून बेथोव्हेन वाजवायचा. संगीत म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाबरोबर करायची गोष्ट, हे या मुलाला संगीताची पुस्तकं वाचायच्या आधीपासून माहीत होतं. पुढे तिमिश्वारा शहरात रीतसर शिक्षण झालं आणि युद्ध संपल्यावर त्यांनी बुडापेस्टची वाट धरली.

बुडापेस्टच्या लिस्त अकादमीच्या प्रवेश परीक्षेला १९४५च्या सप्टेंबरात दोन तरुण भेटले. एक कुर्ताग, दुसरे ज्यॉर्ज लिगेती, पुढे तेही मोठे संगीतकार झाले. दोघांच्याही मनात एकच होतं की हंगेरीचे थोर संगीतकार बेला बार्तोक अमेरिकेतून परत येणार आणि आपण त्यांच्या हाताखाली शिकणार. बार्तोक २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये वारले. अकादमीवर काळा झेंडा लागलेला पाहिल्याची आठवण लिगेती पुढे सांगत असत. ज्यांच्यासाठी आलो ते गुरू आता कधीच येणार नाहीत, हे त्या दोघांना परीक्षेच्याच दिवसांत कळलं. कुर्ताग यांनी नंतर म्हणून ठेवलं आहे की त्यांची मातृभाषा बार्तोक आहे आणि बार्तोकची मातृभाषा बेथोव्हेन होती. मला त्यात विद्यार्थ्याचा अभिमान ऐकू येतो, आणि न भेटलेल्या गुरूची ओढही.

अकादमीत ते पाल कादोशा यांच्याकडे पियानो आणि लिओ वायनर यांच्याकडे चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत, शिकले. तिथेच मार्ता किन्स्कर भेटली. तीही पियानोची विद्यार्थिनी. १९४७मध्ये लग्न झालं. ते बहात्तर वर्षं टिकलं.

मधली वर्षं मी भराभर सांगतो, कारण कुर्ताग यांनी स्वतःच ती मागे टाकली. कम्युनिस्ट राजवटीत सरकारला मानवेल असं लिहावं लागे, तसं त्यांनीही लिहिलं. त्यात कोरियाच्या युद्धावरचा एक कँटाटासुद्धा आहे. १९५६चा हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांखाली चिरडला गेला. लिगेती आणि त्यांची पत्नी आगगाडीत टपालाच्या गोण्यांखाली लपून सरहद्दीकडे गेले आणि व्हिएन्नाला पोहोचले. कुर्ताग मागे राहिले. त्यांना १९५७-५८ साली शिकायला म्हणून पॅरिसला जाता आलं, आणि तिथे ते कोसळले.

या पॅरिसच्या वर्षाबद्दल कुर्ताग यांनी स्वतः जे सांगितलं आहे ते वाचताना अजून मला अस्वस्थ व्हायला होतं. मेसियाँ आणि मियो यांच्यासारखे शिक्षक होते, संध्याकाळी बूलेझच्या मैफिली होत्या, जगात जे नवं घडत होतं ते सगळं हाकेच्या अंतरावर होतं. आणि यांना एक ओळ लिहिता येईना. आजवर जे लिहिलं ते खोटं आहे, आपण स्वतःच खोटे आहोत, या भावनेने त्यांना घेरलं. खोलीत बसून ते काड्यापेटीतल्या काड्यांच्या आकृत्या मांडत. काड्या, धुळीचे गोळे, जळकी टोकं. त्यातली एक मांडणी म्हणजे उजेडाकडे वाट शोधणारं झुरळ. तिच्या शेवटाला त्यांनी दिवा ठेवला होता. त्या खोलीत ते झुरळ म्हणजे ते स्वतः होते.

तिथे त्यांना मारियान स्टाइन भेटल्या. मूळच्या हंगेरीच्याच मानसशास्त्रज्ञ, कलावंतांबरोबर काम करणाऱ्या. त्यांनी कुर्ताग यांना सिंफनी लिहा, चार वाद्यांचं क्वार्टेट लिहा असं काही सांगितलं नाही. दोन सूर घ्या आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं एवढंच बघा, असं सांगितलं. बत्तिशीच्या, अकादमीत शिकलेल्या, नाव होऊ लागलेल्या संगीतकाराला हे सांगायला किती धैर्य लागलं असेल, आणि ते ऐकून घ्यायला किती! कुर्ताग यांनी ते अक्षरशः मानलं. जोडीला ते वेबर्नच्या रचना हाताने उतरवून काढत होते. वेबर्न म्हणजे ज्याच्या रचना एका मिनिटात संपतात आणि ज्यात एक सूर जास्तीचा सापडत नाही असा संगीतकार.

परतीच्या वाटेवर कोलोनला लिगेतींकडे दोन दिवस मुक्काम झाला. तिथे स्टॉकहाउझेनचं तीन वाद्यवृंदांसाठीचं 'ग्रुपन' त्यांनी ऐकलं. घरी आल्यावर १९५९मध्ये एक स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं आणि त्याला ओपस १, म्हणजे आपली पहिली रचना, म्हटलं. आधीचं सगळं बाद. तेहतिसाव्या वर्षी पाटी कोरी. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. सहा भाग मिळून पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. सुरुवातीला तारांवर बोट अलगद टेकवून काढलेले उंच, काचेसारखे सूर येतात, आणि मध्येच खरखरीत, चिरडलेले आवाज. तो उजेड आणि ही धूळ, असं कुर्ताग यांनीच सांगितलं आहे. काड्यांच्या आकृतीतला दिवा आता चार वाद्यांत आला होता. रचना अर्पण केली मारियान स्टाइन यांना. कितीतरी वर्षांनी त्यांच्या पतीच्या निधनानंतर कुर्ताग यांनी गिटार आणि वाद्यसमूहासाठी एक स्मरणशिळा लिहिली. तिच्यात गिटारवर बराच वेळ नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या जातात, आणि मग अचानक वाद्यसमूह किंकाळी फोडावी तसा उठतो. कुर्ताग यांनी त्या बाईंचे उपकार असे फेडले, आयुष्यभर, सुरांत.

बुडापेस्टमध्ये परतलेल्या माणसाला लगेच कीर्ती मिळाली नाही. आठ वर्षं ते सरकारी फिलहार्मोनीत गायक-वादकांची तालीम घेण्याचं काम करत होते. १९६८मध्ये जर्मनीत डार्मश्टाट इथे त्यांची एक मोठी रचना सादर झाली. सोळाव्या शतकातल्या बोर्नेमिसा या हंगेरियन धर्मोपदेशकाच्या वचनांवरची, सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतला स्त्रीचा आवाज, आणि पियानो यांच्यासाठीची, चाळीसेक मिनिटांची. घाम आणि रक्त ओतून लिहिलेली. आधुनिक संगीताच्या त्या पंढरीत तिची फारशी दखलच घेतली गेली नाही. मग पुन्हा लिहिणं जवळपास थांबलं.

याच सुमारास ते अकादमीत शिकवू लागले. आधी पियानो, मग चेंबर म्युझिक. संगीतरचना त्यांनी तिथे कधीच शिकवली नाही. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. कसं लिहावं हे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. लिहिलेलं कसं ऐकावं, एवढंच शिकवलं. आंद्राश शिफ आणि झोल्तान कोचिश हे पियानोवादक त्यांच्या हाताखालून गेले, ताकाच आणि केलर ही क्वार्टेट मंडळी गेली. त्यांच्या वर्गाच्या हकिकती संगीताच्या जगात अजून सांगितल्या जातात. वादकाने पहिला सूर लावावा आणि त्यांनी थांबवावं. पुन्हा. पुन्हा थांबवावं. तास संपावा आणि पहिल्या ओळीच्या पुढे कुणी गेलेलं नसावं. ते स्वतः गुणगुणत, हातवारे करत, शब्द सापडेनासा झाला की अडखळत, आणि मग पियानोवर बसून दाखवत. आपल्याकडे एकेका स्वराच्या लगावावर महिनोन्महिने बसवणाऱ्या गुरूंच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. पण कुर्ताग यांचा भारतीय संगीताशी काही संबंध नाही आणि तो ओढूनताणून जोडायचंही कारण नाही. त्यांची ही शिस्त बार्तोक आणि वायनर यांच्या घरची आहे.

लिहिणं पुन्हा सुरू झालं ते मुलांमुळे. पियानो शिकवणाऱ्या मारियान तेओके यांनी मुलांसाठी काही छोटे तुकडे लिहून मागितले. १९७३मध्ये कुर्ताग यांनी ते लिहायला घेतले आणि मग ते थांबलेच नाहीत. 'यातेकोक' म्हणजे खेळ. पहिले खंड १९७९मध्ये छापून आले आणि पुढे भर पडतच गेली. पियानो शिकणारं मूल पहिल्या दिवशी काय करतं? तळहाताने दणादणा पट्ट्या बडवतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट घसरवत नेतं, मूठ आपटतं, कोपर टेकवतं. मग शिक्षक येतात, मनगट वर, बोटं गोल, अंगठा इथे. कुर्ताग यांनी पहिला दिवस पकडला. त्यांच्या वहीत तळहातासाठी एक मोठा काळा ठिपका आहे, मुठीसाठी वेगळी खूण, बाहूसाठी वेगळी. सूर नेमका कुठला लागला याला तिथे फारशी किंमत नाही. हात किती धिटाईने उचलला आणि किती हळुवार टेकवला, याला आहे. एका तुकड्यात सबंध पियानोवरून वर-खाली बोटं घसरवण्याशिवाय दुसरं काही नाही. चायकोव्हस्कीला वाहिलेल्या तुकड्यात त्याच्या प्रसिद्ध पियानो कन्चेर्तोच्या सुरुवातीचे ते भव्य ठोके आहेत, पण तळहातांनी मारायचे. आठ वर्षांच्या मुलाला क्षणभर सगळं सभागृह आपलं वाटेल असे.

माझा सर्वांत आवडता तुकडा एकाच सुराचा आहे. एक प्रील्यूड आणि एक वॉल्ट्झ, दोन्ही फक्त पांढरी एकमध्ये. पेटीवर शिकलेल्यांना सांगायला नको, पांढरी एक म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. पियानोवर ती खालपासून वरपर्यंत आठ ठिकाणी येते. तेवढ्यावर नाच उभा केला आहे. खाली जड पाऊल, वर दोन हलकी पावलं, मध्येच एक उडी, थोडं अडखळणं. ऐकताना वॉल्ट्झ दिसतो, नाचणारी दोन माणसं दिसतात, आणि सूर मात्र बदललेला नसतो. मारियान स्टाइन यांनी दोन सुरांपासून सुरुवात करायला सांगितलं होतं. पंधरा वर्षांनी हा माणूस एका सुरावर आला होता, आणि आता त्याला धाप लागत नव्हती.

मुलांसाठी म्हणून सुरू झालेले हे खंड हळूहळू बदलत गेले. पाचव्या खंडापासून त्यांना उपशीर्षक आलं: रोजनिशीच्या नोंदी, खासगी निरोप. कुणी मित्र गेला की एक पान. कुणाचा वाढदिवस आला की एक पान. मार्तासाठी कितीतरी. बोर्नेमिसाच्या वचनांतली एक ओळ, माणूस म्हणजे फूल आहे या अर्थाची, मोजक्या सुरांत पुन्हा पुन्हा उगवत राहते, दर वेळी वेगळ्या चेहऱ्याने. डार्मश्टाटमध्ये कुणी फारसं ऐकलं नव्हतं ते संगीत अशा रीतीने मुलांच्या पुस्तकात जगलं.

कीर्ती आली १९८१मध्ये, पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. रिम्मा दालोश यांच्या रशियन कवितांवरची सोप्रानो आणि वाद्यसमूहासाठीची रचना पॅरिसमध्ये सादर झाली आणि युरोपला एकाएकी जाणवलं की बुडापेस्टमध्ये एक माणूस बसला आहे. रशियन ते दोस्तोयेव्हस्की मुळातून वाचता यावा म्हणून शिकले होते. त्या काळात हंगेरीत रशियन ही सक्तीची, लादलेली भाषा. त्यांनी ती प्रेमाने जवळ केली. पुढचे पुरस्कार आणि मानसन्मान मी मोजत बसत नाही. १९९८चा सीमेन्स पुरस्कार, २००६चा ग्रॉमायर, बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरची दोन वर्षं. बर्लिनच्या मुक्कामात त्यांनी वाद्यवृंद-संचालक क्लाउडिओ आबादोंसाठी मोठ्या वाद्यवृंदाची एक रचना केली, 'स्तेले'. तिची सगळेच वाखाणणी करतात. मला ती दुरून आवडते. एवढी माणसं मंचावर आली की कुर्ताग कुणाशी बोलताहेत ते मला पटकन कळत नाही. याउलट कोचिशसाठी लिहिलेली पियानो आणि वाद्यसमूहाची रचना मला थेट भिडते. तिच्यात वादक सभागृहात चहूकडे विखुरलेले असतात, आणि पियानो सुरुवातीला फक्त एक उतरती सरगम वाजवतो, अगदी हळू, पायऱ्या उतरावं तशी.

'काफ्का-फ्रागमेंते'बद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. काफ्काच्या रोजनिशीतून, वह्यांतून, पत्रांतून कुर्ताग वर्षानुवर्षं वाक्यं टिपून ठेवत होते. त्यातल्या चाळीस तुकड्यांना त्यांनी एक सोप्रानो आणि एक व्हायोलिन एवढ्यावर चाल दिली. १९८७मध्ये जर्मनीत विटेन इथे आद्रिएन चेंगेरी आणि आंद्राश केलर यांनी ते पहिल्यांदा सादर केलं. सगळं मिळून तासाभराचं, पण काही तुकडे पाव मिनिटात संपतात. पहिल्याच तुकड्यात काफ्का म्हणतो की सज्जन माणसं एका पावलाने चालतात आणि बाकीचे, त्यांना पत्ताही नसताना, त्यांच्याभोवती काळाचे नाच नाचतात. व्हायोलिन दोनच सुरांवर पावलं टाकत राहतं, पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी एक, पांढरी दोन. गायिका आधी त्याच चालीने जाते आणि नाचाचा उल्लेख आला की सुटते. व्हायोलिन आपलं चालतंच आहे. शेवटच्या तुकड्यात चांदण्या रात्रीने डोळे दिपतात, पक्षी झाडाझाडांवरून ओरडतात, आणि धुळीतून दोन साप सरपटत जातात, एक जोडपं. धूळ इथेही आहे. पण पॅरिसच्या खोलीत तिच्यात एकटं झुरळ होतं. इथे दोघं आहेत. तासभर चाललेल्या भीती, लाज, अपयश यांच्या यादीनंतर ते जोडपं मला फार मोठा दिलासा वाटतं.

आणि इल्दिको मोन्योक. ही हंगेरीची गाणारी अभिनेत्री. मोटारीच्या अपघातानंतर तिची वाचा गेली आणि एकेक शब्द तिला नव्याने मिळवावा लागला. सॅम्युएल बेकेट यांचं अखेरचं लेखन म्हणजे एक शब्द शोधण्याची धडपड आहे. वाक्य सुरू होतं, तुटतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कुर्ताग यांनी तो मजकूर हंगेरियन भाषांतरात घेतला आणि १९९०मध्ये तिच्यासाठी, तिच्याच आवाजासाठी रचना केली. सोबतीला परत अपराइट पियानो. पियानो एक सूर देतो, ती त्याला धरून एक अक्षर उच्चारते. अडखळणं इथे अभिनयात नाही. बोलताना स्वतः सतत थबकणारा संगीतकार, शब्द हरवून बसलेली गायिका आणि शब्दच सापडत नाही म्हणणारा लेखक, हे तिघं एका रचनेत एकत्र आले. संगीत कुणासाठी असतं असा प्रश्न मला पडला, की मी हिच्याकडे जातो.

बेकेटची गोष्ट मात्र त्याहून जुनी होती. १९५७मध्ये, त्याच पॅरिसमध्ये, लिगेतींच्या सांगण्यावरून कुर्ताग यांनी बेकेटचं 'फँ द पार्ती' (इंग्रजीत 'एंडगेम') हे नाटक पाहिलं. ते मनातून गेलं नाही. वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांनी त्यावर ऑपेरा लिहायला घेतला. वर्षं जात राहिली, प्रयोगाच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, सुरुवातीला साल्झबुर्गसाठी ठरलेला ऑपेरा अखेर मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाकडे आला. दहा-बारा वर्षं बोर्दोजवळच्या एका छोट्या गावात राहिलेले कुर्ताग दांपत्य २०१५मध्ये बुडापेस्टला परतलं आणि तिथल्या संगीत केंद्राच्या इमारतीतच राहू लागलं. लिहिलेलं प्रत्येक पान आधी मार्ता वाचणार, त्यांना पटलं तर पुढे जाणार, हा नेम साठ-सत्तर वर्षांचा. मार्ता यांना पटणं सोपं नव्हतं, हे कुर्ताग यांनी मुलाखतींतून वारंवार सांगितलं आहे. १५ नोव्हेंबर २०१८ला पहिला प्रयोग झाला. कुर्ताग तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते आणि हा त्यांचा पहिला ऑपेरा होता. नाटक पाहिलं त्याला एकसष्ट वर्षं झाली होती.

हा ऑपेरा सोपा नाही. दोन तासांचा, चारच माणसं, हालचाल जवळपास शून्य. मलाही त्यातल्या हॅम या मुख्य पात्राचे लांब लांब स्वगत-भाग नेटाने ऐकावे लागतात. पण नॅग आणि नेल आले की मी सरसावून बसतो. नाटकातलं हे म्हातारं जोडपं कचऱ्याच्या दोन पिंपांत राहतं. पाय अपघातात गेलेले. एकमेकांकडे वळून बघायचं तर मान वर काढावी लागते, चुंबन घ्यायचं तर डोकी पोहोचत नाहीत. ते जुन्या सहलीची आठवण काढतात, एक विनोद पुन्हा सांगतात. इथे कुर्ताग यांचा वाद्यवृंद इतका बारीक होतो की एकेक वाद्य ओळखू यावं. सहजीवनावर मी बरंच संगीत ऐकलं आहे, तरुण प्रेमाचं तर भरपूर. पण इतकी वर्षं एकमेकांची सवय झालेल्या दोन माणसांचं, थकलेलं आणि तरीही ओढ असलेलं असं संगीत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. ते लिहिणारा माणूस तेव्हा नव्वदीत होता आणि त्याची पहिली श्रोती शेजारच्या खुर्चीत होती.

मार्ता १७ ऑक्टोबर २०१९ला गेल्या. ऑपेऱ्याला वर्षही पुरं झालं नव्हतं.

कुर्ताग ऐकायचेच असतील तर ऑपेऱ्यापासून सुरुवात करू नका. त्या दोघांनी मिळून 'यातेकोक'मधले तुकडे आणि बाखची रूपांतरं वाजवलेली एक ध्वनिमुद्रिका १९९७मध्ये निघाली आहे, ती मिळवा. सलग ऐकू नका. दोन-तीन तुकडे ऐकावेत आणि बंद करावं, कारण एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी वेगळ्या माणसाकडे वळावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. प्रत्येक तुकडा कुणाच्या नावे आहे ते आधी वाचा. मग ओपस १चं क्वार्टेट, शक्यतो केलर मंडळींचं. मग सेरवान्स्की या दिवंगत संगीतकाराच्या स्मरणार्थ लिहिलेलं क्वार्टेट, पंधरा छोट्या भागांचं. त्यात शेवटी त्या मृत मित्राचीच एक गोड चाल येते आणि वाक्य पुरं व्हायच्या आत थांबते. काफ्का त्यानंतर. आवाज वाढवायचा मोह होईल, कारण बरंचसं फार हळू वाजतं. तो आवरा, आणि खोलीतला पंखा बंद करा.